सोहळा इतरांचा, आनंद जनीचा

लेकरांच्या गराड्यात सापडलेला विठ्ठल हे मराठी मनावर शतकानुशतके कोरले गेलेले चित्र आहे. निवृत्तिनाथ त्याच्या खांद्यावर बसले आहेत, सोपानदेवांचा हात त्याने हाती घेतला आहे, ज्ञानेश्वर पुढे चालले आहेत आणि मुक्ताई मागून येत आहे. गोरोबा मांडीवर आहेत, बंका कडेवर आहे, चोखोबा अगदी जिवाजवळ आहेत आणि नामदेवांनी देवाची करंगळी घट्ट धरून ठेवली आहे. हे चित्र रेखाटणाऱ्या कवयित्रीने त्यात स्वतःला मात्र कोठेही जागा दिलेली नाही. लहानपणीच पोरकी झालेली एक दासी दुसऱ्यांची लेकरे देवाच्या अंगाखांद्यावर खेळताना पाहते, तृप्त होते आणि संतांचा हा सोहळा असाच करीत राहा, एवढेच देवाला सांगते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे जन्मलेल्या संत जनाबाई यांच्या साऱ्या जीवनाचे मर्म या एका अभंगात सामावलेले आहे.

गंगाखेड हे गोदावरीच्या काठचे गाव. परभणीहून परळीकडे जाताना नदी ओलांडली की हे गाव लागते. गोदावरीला मराठवाड्यात गंगाच म्हणतात, त्यावरून गावाला हे नाव पडले. तेराव्या शतकात हा सारा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. याच गावात दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी जनाबाईंचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. आईचे छत्र लवकर हरपले. त्यानंतर वडिलांनी मुलीला पंढरपूरला नेले आणि दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले. आईवडिलांबरोबर वारीला गेलेली ही मुलगी विठ्ठलाला सोडून परत येण्यास तयार झाली नाही, अशीही एक कथा सांगितली जाते. कथा कोणतीही घेतली तरी गोष्ट एकच उरते. गोदावरीच्या काठची एक मुलगी बालाघाटाचे डोंगर ओलांडून भीमेच्या काठी गेली आणि परक्या घराच्या आश्रयाने वाढली. आईबाप गेले, आता विठ्ठलानेच सांभाळावे, अशी आळवणी तिच्या अभंगांत पुढे आली, ती या पोरकेपणातूनच.

दामाशेटींचे घराणे मूळचे नरसी येथील मानले जाते. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे; परंतु १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे मालक आणि दासी या दोघांच्याही नावाने ओळखली जाणारी गावे एकाच जिल्ह्यातील. पंढरपूरच्या त्या घरात मराठवाड्याची बोली आणि मराठवाड्याची माणसे जनाबाईंना भेटली असतील, तर त्यात नवल नाही.

दामाशेटींच्या पत्नी गोणाई. त्यांना मुलगा हवा होता. नवस झाले आणि १२७० मध्ये नामदेव जन्माला आले. या जन्माचा प्रसंग जनाबाईंच्या एका अभंगात आला आहे. गोणाईचे मागणे, तिचा शुद्ध भाव, त्याला आलेले फळ आणि दामाशेटींना झालेला हर्ष असे एकेक टप्पे त्यात येतात. शेवटी बाळाला ओवाळण्याचे काम दासी जनी करते. घर दुसऱ्याचे, मूल दुसऱ्याचे, नवसही दुसऱ्याचाच. पण निरांजनाचे तबक जनीच्या हाती आहे. दुसऱ्याच्या आनंदाला आपला हातभार लावणे एवढा एकच हक्क दासीला होता. तो हक्क जनाबाईंनी असा बजावला की, नामदेवांच्या जन्माची गोष्ट आजही जनीच्या ओवाळणीविना पुरी होत नाही.

पुढे नामदेव मोठे झाले, संसारी झाले, संत म्हणून मान्यता पावले. घर वाढत गेले. राजाई सून म्हणून आली. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे झाले. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना आल्या. नामदेवांची बहीण आऊबाई आणि मुलगी लिंबाई याही होत्या. या सर्वांची नावे आज सांगता येतात, याचे मोठे श्रेय जनाबाईंना आहे. त्यांनी अभंगांत या घराची अक्षरशः शिरगणती केली आहे. सासू कोण, सून कोण, बाप कोण, लेक कोण, हे त्यांनी नावांनिशी सांगितले. एका अभंगात घरातील चौदा जण मोजून झाल्यावर पंधरावी म्हणून त्यांनी स्वतःचे नाव घातले आहे. त्या काळातील राजघराण्यांतील स्त्रियांचीही नावे पुष्कळदा हाती लागत नाहीत. अशा काळात एका शिंप्याच्या घरातील चारही सुनांची नावे टिकून राहिली, कारण त्या घरातील दासीला ती मोलाची वाटली.

हे घर सुखवस्तू होते, असे समजण्याचे कारण नाही. नामदेवांचे चित्त विठ्ठलापाशी आणि घरात ओढाताण, याची गाऱ्हाणी गोणाई आणि राजाई यांच्या नावावरील अभंगांत भरपूर आहेत. अशा घरात दळणकांडण, झाडलोट, पाणी भरणे, धुणे, शेण गोळा करून गोवऱ्या थापणे ही कामे जनाबाईंच्या वाट्याला आली. चौदा माणसांचे दळण म्हणजे काय, हे जात्यावर बसल्याशिवाय कळत नाही. पहाटेच्या अंधारात उठावे, खुंटा धरावा, मुठीमुठीने दाणे घालावेत आणि उजाडेपर्यंत दगड फिरवीत राहावे. हात भरून येतात, पाठ धरते. गिरणी येईपर्यंत महाराष्ट्रातील घरोघरच्या बायकांची पहाट अशीच गेली.

जनाबाईंचे वेगळेपण असे की, त्यांनी या कामांतूनच आपली कविता उभी केली. भक्तीसाठी काम सोडावे लागते, असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या अभंगांत विठ्ठल दळायला बसतो, अंगण झाडताना केर भरतो, नदीवर धुणे धुऊ लागतो, जनीची वेणीफणी करतो. चमत्कार म्हणून या कथा सांगितल्या जातात. परंतु त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. दिवसभर इतरांसाठी राबणाऱ्या बाईच्या डोक्याला तेल लावायला कोणी नसते. जनाबाईंनी ते काम देवाला सांगितले. इतरांच्या सुखासाठी झटणाऱ्या माणसालाही कोणीतरी मायेने विचारावे, ही साधी मानवी अपेक्षा या कथांच्या तळाशी आहे.

इतरांच्या सुखात सुखावणे आणि आपले दुःख गिळून गप्प बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनाबाईंच्या बाबतीत हा फरक ध्यानात घेतला नाही, तर त्यांचे चरित्र म्हणजे सोशिक मोलकरणीची गोड कथा होऊन बसते. प्रत्यक्षात जनाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. विठ्ठल वेळेवर आला नाही, तर त्याच्याशी त्या कडाक्याने भांडल्या. त्याला त्यांनी शिव्या घातल्या, त्याच्या नावाने बोटे मोडली. स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नये, असे त्यांनी बजावले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी पर्वा न करता टाळ आणि वीणा घेऊन भरल्या बाजारातून जाण्याची भाषा त्यांनी केली. तेराव्या-चौदाव्या शतकातील एका दासीने हे बोलावे, ही लहान गोष्ट नव्हती. इतक्या निर्भय स्त्रीने दुसऱ्यांच्या सुखात आनंद मानला, तो नाइलाजाने मानला, असे म्हणता येत नाही. आपल्या वाट्याला काय आले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ते ठाऊक असूनही त्यांनी मनात असूया येऊ दिली नाही.

असूयेला जागा पुष्कळ होती. नामदेवांच्या अंगणात त्या काळी संतांचा मेळा जमत असे. ज्ञानेश्वरांचे शिष्य विसोबा खेचर, विसोबांचे शिष्य नामदेव आणि नामदेवांच्या शिष्या जनाबाई अशी परंपरा सांगतात. कीर्तन नामदेव करीत, मान नामदेवांना मिळे. जनाबाईंनी मात्र स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशीच लावली. विशेष म्हणजे, या मेळ्यातील प्रत्येकाला काय प्रिय आहे, कोणाचे कोणाशी कसे जुळले आहे, यावर त्यांचे बारीक लक्ष होते. त्यांच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताचे अभंग कोण लिहून घेत असे, याची यादीच आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने आणि चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. आणि जनीचे? ते स्वतः पांडुरंगाने. एकाचे शब्द दुसऱ्याने प्रेमाने उतरवून घ्यावेत, यात जी मैत्री आहे, ती जनाबाईंनी टिपून ठेवली. लिहिणाऱ्यांची नावे सहसा कोणी लक्षात ठेवीत नाही. पडद्यामागे राबणाऱ्या बाईने ती लक्षात ठेवली.

सुरुवातीला उल्लेखिलेल्या लेकुरवाळ्या विठ्ठलाच्या अभंगातही ही नजर दिसते. तेरचे गोरोबा कुंभार हे या संतमंडळींतील वडीलधारे. त्यांना सारे काका म्हणत. जनाबाईंनी त्यांना देवाच्या मांडीवर बसवले. एकदा तरी कोणी आपल्याला लहान समजावे, हे वडीलधाऱ्यांचे सुख त्यांनी ओळखले. चोखोबांना जातीमुळे देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता. जनाबाईंनी त्यांना विठ्ठलाच्या जिवाजवळ नेऊन ठेवले. बंका हा चोखोबांचा मेहुणा, तो कडेवर. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते आणि आईबापांचे छत्रही त्यांना उरले नव्हते. त्या चौघांना मिळून एक बाप दिला. ज्याला जे मिळाले नव्हते, ते या चित्रात त्याला मिळाले आहे. जनाबाईही पोरक्याच होत्या. तरीही त्यांनी देवाच्या अंगाखांद्यावर स्वतःसाठी जागा राखून ठेवली नाही. बाजूला उभे राहून पाहणे त्यांनी पसंत केले. त्या पाहणाऱ्या डोळ्यांमुळेच हे चित्र आपल्यापर्यंत पोहोचले.

जनाबाईंच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात आणि ते प्रामुख्याने नामदेवांच्या गाथेतून आलेले आहेत. तोंडोतोंडी चालत आलेल्या या रचनांत मागाहूनची भर पडली असल्याचे अभ्यासक मानतात. स्फुट अभंगांखेरीज हरिश्चंद्राख्यान, कृष्णजन्म, थाळीपाक अशी आख्यानेही त्यांच्या नावावर आहेत. थाळीपाकाची कथा महाभारतातील. वनवासात असलेल्या पांडवांकडे दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी येतात. द्रौपदीच्या थाळीत भाजीचे एकच पान चिकटलेले असते. कृष्ण ते खातो आणि बाहेर सर्वांची पोटे भरतात. चौदा जणांचे जेवण आटोपल्यावर भांडी घासणाऱ्या जनाबाईंना ही कथा जवळची वाटावी, हे स्वाभाविक आहे. आपण खाल्लेल्या घासाने दुसऱ्याचे पोट भरणे, किंवा दुसऱ्याच्या घासाने आपले, हा त्यांच्या रोजच्या जगण्याचाच अनुभव होता.

त्यांच्या हयातीत महाराष्ट्राने मोठी उलथापालथ पाहिली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गाडले गेले. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले. जनाबाईंचे जे अभंग आज घरोघर गायले जातात, त्यांत मात्र जाते, चूल, अंगण, नदीवरचे धुणे आणि नामदेवांची माणसे आहेत. राज्ये बदलली तरी पहाटेचे दळण चुकत नव्हते. ज्यांच्यासाठी ते दळायचे, त्यांची भरलेली ताटे हीच त्यांच्या काळाची खरी नोंद ठरली.

पंढरपुरातही त्यांना सुखासुखी राहू दिले गेले नाही, असे आख्यायिका सांगतात. विठ्ठलाचे पदक जनीच्या झोपडीत सापडले आणि तिच्यावर चोरीचा आळ आला. तिला सुळावर देण्याचे ठरले आणि ऐन वेळी त्या सुळाचे पाणी झाले. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय या ग्रंथामुळे जनाबाईंच्या अशा कथा घरोघर पोहोचल्या. कबीर पंढरपूरला आले आणि जनीच्या गोवऱ्यांतून त्यांना विठ्ठलनाम ऐकू आले, ही कथाही लोकप्रिय आहे. कबीर पंधराव्या शतकातील असल्याने इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. पदकाच्या कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी त्यातील सामाजिक सत्य उरतेच. घरात किंवा देवळात काही हरवले की, पहिला संशय कामवालीवर जातो. सातशे वर्षांपूर्वी तो जनीवर गेला होता.

१३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली. कुटुंबातील माणसांबरोबर जनाबाईंनीही त्याच वेळी देह ठेवला, असे वारकरी परंपरा मानते. देवदर्शनाला जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने नामदेवांनी ती जागा निवडली, असे सांगतात. नामदेव पायरी म्हणून ती आज प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर पाय न देता वारकरी पुढे जातात. दुसऱ्यांना झालेले दर्शन हेच आपले सुख, ही जनाबाईंची शिकवणही त्या पायरीत आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवले जाते आणि वारीला आलेल्या बायका त्याचा खुंटा धरून एखादा फेरा ओढतात. गंगाखेडलाही त्यांचे मंदिर आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीला जाताना परभणीवरून गंगाखेडला येते आणि मग परळीची वाट धरते.

जनाबाई पुढे पडद्यावरही आल्या. १९४९ मध्ये हंसा वाडकर यांनी संत जनाबाई या चित्रपटात त्यांची भूमिका केली. पण त्यांचा खरा वारसा जात्यावरच्या ओव्यांनी चालवला. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेडोपाडी फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्यांत दळणारी बाई स्वतःबद्दल बोलते, आपले सासुरवासाचे दुःखही सांगते. पण ओवीमागून ओवी ती वाहते भावाला, लेकाला, शेजारणीच्या बाळाला, लेकीच्या भरल्या संसाराला. दगड फिरवताना दुसऱ्यांची सुखे मोजण्याची ही रीत जनाबाईंच्या अभंगांशी सख्खे नाते सांगते.

आता जाती अडगळीत गेली आहेत आणि दळण गिरणीवर जाते. शहरांतील घरे मात्र अजूनही दुसऱ्या कोणाच्या तरी हातांवर चालतात. मालकांच्या मुलाचा निकाल लागला, बारसे झाले, मुलगी परदेशातून आली की, भांडी घासता घासता मनापासून हसणारी एक बाई त्या घरांत असते. घरातल्या सर्वांची नावे, त्यांच्या आवडीनिवडी, कोणाला भाकरी लागते आणि कोणाला पोळी, हे तिला तोंडपाठ असते. तिच्या मुलांची नावे त्या घरातील किती जणांना सांगता येतील? जनाबाईंनी नामदेवांच्या घरातील चौदा माणसे मोजली आणि पंधरावी म्हणून आपले नाव स्वतःच घातले. ते मोजण्याचे काम त्या चौदांपैकी कोणी तरी करावयास हवे होते.